दोन डाव्या बाह्या

४ मार्च, सोमवार

दोन्ही बाह्या डाव्या! आणि कुणी कापल्या? मास्तरांनी! ज्या माणसाचा उभा जन्म कात्रीवर गेला, त्याने आज कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. एक कापून झाली की कागदाचा नमुना उलटा ठेवायचा, तो ठेवलाच नाही. मी काजं करता करता पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. नवऱ्याच्या पुढ्यातले तुकडे उचलून मशीनखाली सरकवले आणि म्हणाल्या, "छान झालं हो. बसा आता जरा, डोळ्यांत औषध घालते."

मास्तरांची नजर चालली आहे. गेलेली परत यायची नाही, उरलेली जपा, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर कळलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाही, ते एक. पण हातची कात्री सुटली तर मास्तर खचतील — वहिनींना धास्ती आहे ती याची.

५ मार्च

खडूच्या रेघेवर वहिनी कच्चा दोरा का घालतात, ते आज कळलं. मला वाटायचं, हौस! मास्तर बोटाने तो दोरा चाचपत कापतात. वहिनी रोज, प्रत्येक कापडावर तो घालतात. आणि वर, "हल्ली खडूच मेला फिका येतो," म्हणून खडूला शिव्या! म्हणजे मास्तरांना वाईट वाटायला नको.

माझ्याही सुया रोज ओवून ठेवतात बिचाऱ्या. मला चाळिशी लागली, सुईचं भोक दिसत नाही आणि चष्म्याचा कंटाळा. सकाळी आल्या आल्या पिशवी खुंटीला अडकवून मी केर काढते. पिशवी उघडावी तर पिनकुशनमधल्या सगळ्या सुया ओवलेल्या! गाठ तेवढी मारत नाहीत. असू दे. एवढं तरी कोण करतं परक्यासाठी?

७ मार्च, गुरुवार

उजवा हात लुळा पडल्यापासून आमच्या ह्यांच्या तोंडालाही कुलूप. "जेवलात?" — "हं." "दुखतंय का?" — "नाही." संपलं संभाषण! तिकडे मास्तर-वहिनींची दिवसभर कुजबुज चालते. हेवा वाटतो. इथे खोटं कशाला लिहू?

९ मार्च, शनिवार

कोटवाल्या बाई आल्या. कापड थोडंसंच उरलं होतं, म्हणून वहिनींनी उजवी बाही तुकडे जोडून बसवली होती आणि जोड काखेखाली दडवला होता. बाई आरशासमोर इकडून वळल्या, तिकडून वळल्या. "सुरेख बसलाय हो," म्हणाल्या. हुश्श!

पण घडी घालायला कोट मास्तरांनी घेतला. बाहीच्या आतून बोट फिरवत गेले आणि जोडावर थांबले. मास्तरांनी बाईंना सरळ सांगून टाकलं, "बाही चुकली होती माझी. मला नीट दिसत नाही आता. हिने सांभाळून घेतलं. नको असेल तर दुसरा शिवून देतो."

बाईंनी बाही उलटसुलट करून पाहिली. "कुठेय चूक? मला तर दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही!" आणि कोट अंगात घालूनच गेल्या. वहिनी आत जाऊन रडल्या. मास्तर पाठोपाठ गेले. मी उगाच मशीनला तेल घालत बसले.

११ मार्च, सोमवार

सकाळी मास्तरांनी कात्री वहिनींपुढे ठेवली. "आजपासून तू."

"मला नाही बाई सरळ जमत. तुम्ही मागे उभे राहा नि हात धरा माझा."

चांगलं जमतं त्यांना, मी पाहिलंय! पण दुपारभर दोघं एकाच कात्रीवर. "अगं, घाई नको." "अहो, ढकलताय तुम्हीच!" भांडणं काय, हसणं काय! मला सारखं भरून येत होतं. रोज या दोघांच्या शेजारी बसायला मिळतं, नशीबच म्हणायचं माझं.

१२ मार्च

आज न राहवून सुयांबद्दल वहिनींचे आभार मानले. "मी? अगं, ह्यांचं करता करता मला सवड कुठली? तुझ्या पिशवीतून तशाच निघतात त्या. मला वाटलं, तूच घरून ओवून आणतेस."

घरून. म्हणजे माझी आंघोळ होईपर्यंत. सुई पिनकुशनमध्ये उभी टोचून, डाव्या हाताने.

म्हणून गाठ नसते. एका हाताने गाठ मारता येत नाही.