झाकलेलं पाणी

मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमचा गंज अजून माझ्याकडेच आहे. भात शिजवायचं तेच जर्मनचं पातेलं, एका बाजूने चेपलेलं. परवा तो माझ्यासोबत मिलवर आला होता. तिथे जे झालं ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील, हिला व्यवहार कळत नाही.

गच्चीवरची ती दुपार आठवते? मी एमएस्सीची, चिचगडहून आलेली, गोंदियात हिंदीत बोलायची वेळ आली की घाम फुटायचा. धानाच्या भुशाची राख आणि तिच्यावर बसवलेले जस्ताच्या ऑक्साइडचे डोळ्याला न दिसणारे कण, अशी पावडर मी केली होती. ऊन मिळालं की हे कण पाण्यातला रंग तोडून टाकतात, असं मी वाचलं होतं. निळ्या पाण्यात पावडर टाकून बाटली उन्हात ठेवली आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणी नितळ. मी जिन्यावरून धावतच आले. तुम्ही बाटलीकडे धड पाहिलंही नाही. "झाकलेली कुठाय?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, झाकलेली कायची? दुसऱ्या दिवशी लुनाला पिशवी अडकवून तुम्ही कुडव्याच्या तुमच्या घरून हा गंज आणलात. एक बाटली उन्हात, एक गंजाखाली अंधारात. दुपारी गंज उचलला तर तिथलं पाणीही तितकंच नितळ. मग खाली बसलेली पावडर तुम्ही स्पिरिटमध्ये हलवलीत आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळा निळा रंग परत आला. "उन्हानं काहीच नाही केलं वो. रंग राखेनं पिऊन घेतला. तिचं पोट भरलं की मंग?"

मी तिथेच रडायला लागले. "कायले रडून राहिली? चाल घरी." तुमच्या स्वयंपाकघरात मी जमिनीवर बसले आहे, तुम्ही ओट्यापाशी उभ्या राहून वरणाला फोडणी देताय आणि भात दुसऱ्याच पातेल्यात शिजतोय. तुमची सासू आतून विचारते, गंज कुठं गेला? तुम्ही म्हणता, तो आता या पोरीचा झाला. मग माझ्या ताटात भात वाढता वाढता मला सांगता, "आधी झाकलेलं पाहायचं, मंग उन्हातलं. उन्हातलं आधी पाहिलं की मन तिथंच अडकते." घरच्यासारखं जेवले मी त्या दिवशी. पुढे ती पावडर कितीदा भाजली आणि धुतली याचा हिशेब नाही. एके दिवशी मात्र गंजाखालचं पाणी निळंच राहिलं आणि उन्हातलं नितळ झालं. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "आता बोल."

आता मी त्याच कॉलेजात शिकवते. धान उकडून उष्णा तांदूळ काढणाऱ्या एका मिलच्या आवारात आम्ही त्याच पावडरीची, पाणी साफ करायची टाकी बसवली होती. धान भिजवलेलं पाणी तपकिरी असतं आणि त्याला असा वास येतो की नाक धरावं लागतं. ते सध्या मिलच्याच खड्ड्यात साठतं. घाण तुटते असं मी लिहून दिलं की मालक ते मागच्या तलावात सोडणार, आणि तलावावर मासे धरणाऱ्या ढिवरांची पोटं चालतात. परवा टाकीतून स्वच्छ पाणी आलं. टाळ्या वाजल्या, पेढे आले. मालक म्हणाले, "मॅडम, पानी तो एकदम साफ है, साइन कर दो." मी शेजारी ठेवलेला गंज उचलला. खाली अंधारात ठेवलेल्या बरणीत तेच पाणी आणि तीच पावडर होती, आणि तेही तितकंच साफ झालं होतं. म्हणजे पावडर पुन्हा नुसती पीत बसली होती. चार-आठ दिवसांत तिचं पोट भरलं असतं आणि नंतरची घाण जशीच्या तशी तलावात गेली असती. मी सही केली नाही. मालकांना वाटलं मी अडून बसले आहे. "तो फिर टंकी उठा लो," ते म्हणाले. कुंपणापाशी उभी असलेली एक म्हातारी ढिवरीण विचारत होती, "काऊन वो बाई, पानी तं साजरं दिसून राहिलं?" तिला मी बरणीतली पावडर स्पिरिटमध्ये हलवून दाखवली. तपकिरी रंग वर आला. ती म्हणाली, "नोको सोडू मंग."

टाकी आता कॉलेजच्या गच्चीवर आहे आणि मला सगळं पहिल्यापासून करायचं आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवशी हात थांबला तो तुमच्यामुळे, आणि तलाव आहे तसा आहे. तुमचे उपकार मानायला मी कुडव्याला कधी आले नाही. आता त्या घरात दुसरेच लोक राहतात, त्यामुळे हे पत्र टाकायचं तरी कुठे? एक मात्र सांगून टाकते. आजही गच्चीवर मी एकटीच असले की आधी उन्हातली बाटली बघते, जराशी खूश होऊन घेते आणि मगच तुमचा गंज उचलते.