फळीवरचे दोन डबे

अण्णा, मागच्या आठवड्यात घरातलं इंटरनेट बंद पडलं आणि मी आईवर ओरडलो, ते तुम्हाला सांगायचंय. तुम्ही जन्मभर टेलिफोनच्या लायनी दुरुस्त केल्या, आज असतात तर तुम्हाला अर्ध्यात समजलं असतं. रस्त्यावरची वायर खालच्या खोलीत कंपनीच्या डब्यात येते. तिथून छोटी वायर आमच्या पांढऱ्या राऊटरला. वरच्या मजल्यावर तसाच दुसरा राऊटर आहे, तो पहिल्याकडून बिनवायरीचं नेट घेतो आणि वर पसरवतो. दोन्ही दिसायला अगदी जुळे.

त्या दिवशी तुमच्या नातीची मुलाखत होती, पुण्याच्या कंपनीची, अकरा वाजता, कॉम्प्युटरवर. दहाला तिनं वरून हाक मारली, "पप्पा, नेट नाही." वायफायच्या कांड्या पूर्ण दिसत होत्या, पण आत काही येत नव्हतं. खालच्या राऊटरवर लाल दिवा. मी बंद करून चालू केलं, पुन्हा तेच केलं. मोबाईलच्या नेटवर चित्र अडकत होतं. कंपनीच्या माणसाला फोन लावला तर तो म्हणाला, "लाईन ओके हाय साहेब, तुमच्या घरातच काय तरी असंल." माझं डोकं फिरलं. घट बसायच्या आधीची धुणीभांडी चालली होती, निम्मं घर अंगणात होतं. भिंती धुवायच्या म्हणून आदल्या दिवशी मीच दोन्ही राऊटर काढले होते आणि रात्री परत लावले होते. सकाळी आई खालच्या राऊटरच्या फळीवर फडकं मारत होती, एवढं मला पुरलं. "कितीदा सांगितलं तुला, वायरींना हात लावू नकोस म्हणून! पोरीची नोकरी जाईल!" आई म्हणाली, "म्या फकस्त धूळ पुसली रं. लागला बी असंल हात, ध्यानात न्हाई." आणि फडकं घेऊन बाजूला उभी राहिली.

तेव्हा मला लहानपणीचा धारूरचा एक दिवस आठवला. एका दुकानाचा फोन मुका झालाय, मी तुमच्याबरोबर सायकलवर आलोय, आणि उतरल्या उतरल्या खांबाकडं धावतोय. तुम्ही मागून दरडावता, "कावून पळतो बे? तार घरात शिरती तितून बघ. एक एक सांदा." दुकानदार कुणाकुणाच्या नावानं बोटं मोडत असतो, तुम्ही त्याच्याकडं बघतही नाही. मग मीही तसंच केलं. मधला राऊटर काढला, कंपनीच्या डब्याची वायर सरळ कॉम्प्युटरला लावली. नेट आलं. पोरगी खालीच, भांड्यांच्या ढिगाशेजारी स्टूल टाकून बसली. तिची मुलाखत संपेपर्यंत आई दारात बसून होती, कुणी भांडं आपटू नये म्हणून.

दुपारी मी दोन्ही राऊटर उलटे करून बघितले. बसवणाऱ्यानं मुख्य राऊटरखाली पेनानं एक आकडा लिहिलेला होता, आणि तो आकडा निघाला वरच्या मजल्यावरच्या राऊटरखाली. अदलाबदल झाली होती. गुडघ्यांमुळं आई दोन वर्षांत जिना चढलेली नाही. मी ते गुपचूप जागेवर लावले आणि सगळ्यांना सांगितलं, झालं नीट.

तुमची पक्कड हरवली म्हणून तुम्ही एकदा आईला वाट्टेल ते बोललात, आणि पक्कड निघाली तुमच्याच पिशवीत. तुम्ही तसेच चुलीपाशी गेलात आणि म्हणालात, "माज्याच पिशवीत व्हती. माजं चुकलं." आई "बरं" म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. एवढंच तर बोलायचं असतं. पन्नाशी उलटली तरी मला जमत नाही, अण्णा, आणि त्याची लाज वाटते.

मुलाखतीचा निकाल अजून आलेला नाही. आईनं दोनदा विचारलं, "माज्यामुळं पोरीचं काय बिघडणार न्हाई ना?" दोन्ही वेळा मी म्हणालो, "नाही गं, काळजी करू नकोस." तुझ्यामुळं झालंच नव्हतं, हे काही म्हणालो नाही. मोठेपणानं माफ केल्यासारखं बोललो.

हा कागद खरं तर तिलाच वाचून दाखवायचा, असं ठरवून बसलो होतो. आत्ता ती चहा घेऊन आली, "काय लिवतो रं?" म्हणाली. मी कागद पालथा घातला आणि ऑफिसचं आहे म्हणालो.