वरणातली फळं, रश्शातली फळं

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारी आज रस्सा. खोबरं भाजल्याचा वास सकाळीच भिंतीवरून आला. दार लावलं, मग खिडकी लावली. वास काय दारं-खिडक्या विचारून येतो होय. दुपारी खिचडी खाल्ली आणि आडवी झाले.

हे गेल्यापासून या घरात कोंबडी शिजलेली नाही. आमच्यात दुखवटा माहेरच्या माणसानं काढायचा. भाऊ येणार, स्वतःच्या हातानं कोंबडी आणणार, बहिणीला रांधायला लावणार आणि तिच्या पंगतीला बसून खाणार. मग घर मोकळं. सासरचे, शेजारचे, पोटचे, कुणी आलं तरी ते चालत नाही. आणि माझ्या माहेरात आता माणूस उरलाय एकच. धाकटा भाऊ बबन. पुसेगावला शेती करतो. औंढ्याहून तासाभराची वाट. उन्हाळ्यात हे गेले, आता स्वेटर निघाले, तरी तो आलेला नाही. तेराव्याला आला तो शेवटचा.

यापुढं नुसतं ब. लिहीन. पूर्ण नाव लिहावं असं त्यानं काही केलेलं नाही.

१२ नोव्हें., बुध.

ऑफिसात गर्दी. पंचायत समितीत आवक-जावकचं टेबल म्हणजे दिवसभर नुसतं 'मॅडम, माझा कागद'. कागद हातात पडला की पाठ फिरवतात. तिथं बोलून बोलून घसा सुकतो आणि घरी आल्यावर कुलूप उघडेपर्यंत एक शब्द नाही, उघडल्यावरही नाही.

लेकाचा, नि.चा फोन, हैदराबादहून. "आई, काय केलंस जेवायला?" पिठलं. "चिकनच्या रश्शातली कणकेची फळं कर ना. मला इथं नुसती आठवण येते." म्हटलं, बबनमामा आल्याशिवाय कशी करू? म्हणाला, "काय आई तू पण. दुकानातून अर्धा किलो आण आणि कर."

पोरगं हुशार आहे, पण त्याला हे समजवायचं कसं? कोंबडीवाचून माझं काही अडलेलं नाही. कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी यावं, एवढंच अडलंय. हे फोनवर बोलवलं नाही. 'बरं बघते' म्हटलं.

१६ नोव्हें., रवि.

कोंबडी नाही तर नाही, वरणातली फळं केली. कणीक घट्ट मळली, बोराएवढी गोळी, तळहातावर ठेवून तीन बोटांनी दाबायची. आईची रीत. तीन खळगे पडतात, त्यांत रस्सा बसतो. नि. लहानपणी मोजून बघायचा, कुणाच्या फळाला दोनच खळगे आहेत ते.

आईचा दुसरा नियम: माणसं ताटावर बसल्याशिवाय फळं सोडायची नाहीत. सोडली की ती थांबत नाहीत, पीत राहतात. आज ताटावर बसणारी मीच आणि सोडणारीही मीच. फळं सोडली, ताट घेतलं, तेवढ्यात दारात पाण्याची गाडी. हंडे भरून आले तर पातेल्यात एक सलग गोळा. शिवाय हाताला अजून तिघांचंच माप. एवढं कोण खाणार?

उरलेलं गल्लीतल्या कुत्र्याला टाकलं. त्यानं हुंगलं, माझ्याकडं बघितलं, निघून गेलं. आगाऊ मेलं.

मग पायरीवर बसून रडले. कुत्र्यासाठी नाही.

१९ नोव्हें., बुध.

ब.ला फोन लावला. आधी शांतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं उचलला. "हायेत की, देते." मग बराच वेळ कुजबुज. मग तो.

"आक्का, तुरीवर फवारणी करून राहिलो."
"संध्याकाळी पण?"
"तब्येत बरी हाय ना?"
"माझी बरी आहे. तू कधी येतोस?"
"येतो की. येतो. ठेवू का, पंप चालू हाय."

पंपाचा आवाज आला नाही. मागं टीव्ही चालू होता.

हे असताना दर दिवाळीच्या भाऊबीजेला यायचा. यांचं आणि त्याचं तंगडीवरून भांडण ठरलेलं. हे म्हणायचे, तू पाहुणा, तू घे. तो म्हणायचा, दाजी तुमी मास्तर, तुमाला डोकं चालवायला पायजे, तुमी घ्या. आणि घ्यायचा मात्र तोच. यंदा भाऊबीजेलाही 'सोयाबीन आहे' म्हणाला. मी ओवाळणीचं ताट तसंच फळीवर ठेवून दिलं.

रविवारी जाते आता. तोंडावर विचारते.

२३ नोव्हें., रवि.

पुसेगावला जाऊन आले. लिहायला हात वळत नाहीये, पण लिहिते.

एसटीत सगळं पाठ करत गेले होते. असं बोलीन, तसं बोलीन. न सांगता दारात उभी राहिले. ब. बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. मला बघून उठला आणि पहिलं काय केलं तर सदऱ्याची वरची गुंडी लावायला लागला. पण मला दिसलं. गळ्यात तुळशीची माळ.

बबनच्या गळ्यात माळ! रविवारची कोंबडी चुकली तर सोमवारी तोंड वाकडं करणारा हा माणूस. लहानपणी अंडं चोरून कच्चं पिणारा.

पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "हे कधी?"

तो पुन्हा शेंगांना लागला. शांता आतून पाणी घेऊन आली, तीच बोलली. "दाजी नांदेडला दवाखान्यात होते ना, तवाच. नरसीला देवळात गेले आन घालून आले. म्हणले, दाजी उठून बसू दे, जल्मभर तोंडाला लावणार न्हाई."

"मला काहून सांगितलं नाहीस?" मीही पुसेगावची बोली बोलायला लागले.

"काय सांगू आक्का? दाजी तर गेले." शेंगा सोलतच होता. "नवस फळला न्हाई म्हणून माळ काढायची का? तसं बराबर दिसंल का? आन माळ ठिवली तर तुझ्या पंगतीला कसा बसू? अर्धा दुखवटा काढता येतो का कुठं. म्हणून येनंच टाळून राहिलो."

मी भांडायला गेले होते. शेंगा सोलत बसले. शांतानं भाकरी वाढली, भाजी चांगली होती.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. सबंध वाटेत एकच मनात: यांच्यासाठी मीच एकटी देवाला मागत होते, असं मी इतके महिने धरून चालले होते.

२५ नोव्हें., मंगळ.

आजपासून पूर्ण नाव. बबन.

ऑफिसात एका अर्जावर उलटा शिक्का मारला. साहेब म्हणाले, मॅडम लक्ष कुठंय. म्हटलं, आहे इथंच.

२७ नोव्हें., गुरु.

बबनचा फोन, आपणहून. "आक्का, रविवारी येतो. कोंबडी आनतो."
"आणि तू?"
"मी वरन खातो. बसतो तुझ्यासंगं. देवाला जे वाटायचं ते वाटू दे, शेजाऱ्यांना बी."

दिवसभर हलकं वाटलं. कणकेचं एकच पीठ मळायचं, दोन पातेली करायची. वरण घरात गॅसवर, कोंबडी मागं अंगणात चुलीवर. पळ्या वेगळ्या, ताटं वेगळी. त्याच्या माळेला माझ्यामुळं धक्का लागायला नको.

३० नोव्हें., रवि.

आला. मोटारसायकलच्या हँडलला काळी पिशवी, शक्य तितकी अंगापासून लांब. म्हणाला, हिंगोलीत दुकानदारानं गळ्याकडं बघून विचारलं, "माऊली, वाट चुकलात का?" तर हा म्हणे, "न्हाई, बहिनीसाठी हाय, चांगली दे." सांगताना हसत होता, पण कान लाल झाले होते. मला साडी, जांभळी. यांच्या फोटोपुढं बराच वेळ उभा राहिला.

मी चूल पेटवली. गावरान कोंबडी, शिजायला वेळ घेते. हळद-मीठ घालून उकडली, त्याचं पाणी, आमची अळणी, दुसऱ्या पातेल्यात काढून चुलीजवळ झाकून ठेवली. नि. लहान असताना वाटीनं प्यायचा. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला. आत गॅसवर तुरीचं वरण, लसणाची फोडणी. त्याच्या शेजारी गरम पाणी. सरपण ओलं म्हणून धूर, माझ्या आत-बाहेर फेऱ्या. बबन उंबऱ्यात बसून गोळ्या दाबत होता. दोन खळग्यांची करत होता, तीन बोटं म्हटलं तरी.

"बस ताटावर," म्हटलं आणि दोन्हीकडं फळं सोडली.

बसलो समोरासमोर. यांच्या जागी कुणी नाही. पहिला घास तोंडात जाईना. तो म्हणाला, "खा आक्का. दाजी असते तर तंगडी मीच घेतली असती. आज तू घे." घेतली. चव लागली. इतकी चांगली लागली की लाज वाटली. रडत रडत खाल्ली, आणि पुन्हा वाढून घेतली.

तो वरणफळं खात होता. आधी सावकाश, मग भराभर. वरण फळांनी पिऊन घट्ट झालं, मी गरम पाणी घालून पातळ करून आणलं. ते त्यानं अख्खं संपवलं. वाटी तोंडाला लावली. म्हणाला, "आक्का, आईच्या हातची चव उतरली आज." मग यांच्याबद्दल बोलला. दवाखान्यातल्या रात्रींबद्दल, यांनी त्याला लपून विडी मागितली होती ते. मला हे माहीत नव्हतं. दोघंही हसलो.

ऊन उतरायच्या आत गेला. जाताना पाया पडला. दुखवटा निघाला.

तोच दिवस, भांडी घासून

एक गोष्ट झाली आहे.

भांडी आवरायला घेतली. गॅसशेजारचं गरम पाण्याचं पातेलं काठोकाठ भरलेलं. हात घातला, गार. अंगणातली अळणी बघितली तर पातेलं रिकामं. तळाशी हळदीचा पिवळा कड, एक बारीक हाडाचा तुकडा.

धुरात डोळे चुरचुरत होते, पाणी चुलीपाशीच आहे असं वाटून वरण तिकडंच नेलं. झाकण काढलं, वाफ आली, ओतलं.

पळ्या वेगळ्या ठेवल्या, ताटं वेगळी ठेवली. आणि अख्खी अळणी त्याच्या वरणात.

१ डिसेंबर, सोम.

आज एकादशी. बबन उपास धरून असणार. तिकडं तो साबुदाणा खातोय आणि पोटात...

ऑफिसात सरळ रजा टाकली. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. त्यानं ती माळ यांच्यासाठी घातली. देवानं त्याचं ऐकलं नाही, तरी त्यानं आपला शब्द पाळला. तो मी मोडला. एका पातेल्याच्या गडबडीत. चूक नकळत झाली हे खरं आहे, पण मोडलं ते मोडलंच. मला यांची फार आठवण आली. हे असते तर सांगून टाक म्हणाले असते, मास्तरच ते.

पण काल बबन हसला होता. सदऱ्याच्या गुंड्या उघड्या टाकून बसला होता. सांगितलं तर पुन्हा गुंडी लावेल, आणि या घराकडं यायचा नाही. तो नाही तर कोण येणार? नि. वर्षातून दोनदा.

२ डिसें., मंगळ.

दुपारी शिक्के मारता मारता एक विचार आला आणि हात थांबला.

जन्मभर कोंबडी खाल्लेल्या माणसाला अळणीची चव कळली नसेल? वाटी तोंडाला लावली तेव्हा तो एकदम गप्प झाला होता. मी समजले, आई आठवली.

४ डिसें., गुरु.

बबनचा फोन. मी आधी बोलणार होते. मनाची तयारी करून, खुर्चीवर बसून. त्यानं बोलूच दिलं नाही.

"आक्का, येत्या रविवारी येतो. शांतालाबी आनतो. तिला सांगितलं, आक्काच्या हातची फळं खाऊन बघ."
"बबन, मला तुला एक..."
"वरनातलीच कर. परवासारखी."

म्हटलं, परवासारखी म्हणजे?

मग म्हणाला, "परवासारखी म्हंजे परवासारखी. आन मी कोंबडी बी घेऊन येतो तुझ्यासाठी. चालंल ना?"

चालेल म्हणाले.

साधं वरण केलं आणि त्याला कळलं नाही, तर परवाचं मला एकटीलाच ठाऊक राहील. साधं वरण केलं आणि घास घेऊन त्यानं माझ्याकडं बघितलं, तर? आणि परवासारखं करायचं म्हणजे या वेळी अळणी जाणूनबुजून घालायची.

शनिवारी डाळ निवडायची आहे. वरण कसं करायचं, ते अजून ठरलेलं नाही. तो येणार आहे, एवढं मात्र ठरलंय.