फ्रिजमधल्या चाव्यांचं प्रकरण

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (मांडीवर लॅपटॉप असल्यामुळे जमेल तितकाच वाकलोय, उरलेलं प्रत्यक्ष भेटीत.) तुमची कंबर कशी आहे? मामी पथ्य पाळायला लावतात ना? इकडे सगळं झकास. आमची इंटरनेटवरची खुनाची मालिका जोरात चाललीय. पाठीशी कंपनी नाही, स्टुडिओ नाही, फक्त आईचं स्वयंपाकघर आहे. पण उद्या या धंद्यात आमचंच नाव असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. (आईला आहे.)

तुम्ही मुक्कामाला होतात तेव्हा चौथ्या भागाचं शूटिंग चालू होतं. ओट्याजवळ बाबा प्रेत होऊन पडले होते आणि भूमिकेशी इतके समरस झाले की जवळजवळ प्रत्येक टेकला घोरत होते. ते जागे असले, तर इन्स्पेक्टर झालेला आमचा विमा एजंट सवयीने मृताच्या बायकोला पॉलिसी समजावून सांगायचा. त्यात आमचा ध्वनिमुद्रक (आम्ही त्याला कानसेन म्हणतो) याला फ्रिजची घरघर चालत नाही. म्हणून शूटिंगपुरता फ्रिज बंद करायचा आणि आपल्या स्कूटरच्या चाव्या आत ठेवायच्या, हा त्याचा शिरस्ता. निघताना चाव्यांसाठी फ्रिज उघडला की तो पुन्हा चालू करायची आठवण होते. धंद्यातले जाणते लोक असंच करतात म्हणे. पण जाणत्या लोकांकडे तुमच्यासारखे टापटिपीचे मामा मुक्कामाला नसावेत. ऐन चौकशीच्या प्रसंगात तुम्ही पाणी प्यायला आलात, फ्रिज उघडलात, चाव्या पाहून मान हलवलीत, त्या शर्टाला पुसल्यात आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवून निघून गेलात. कानसेनला चाव्या खिळ्यावर दिसल्या, तो शीळ घालत घरी गेला आणि फ्रिज बंदच राहिला. सकाळी आइस्क्रीम फरशीवर आलं होतं, दूध नासलं होतं आणि आई कमरेवर हात ठेवून उभी होती. तेव्हापासून स्वयंपाकघरात कॅमेऱ्याला बंदी आहे.

तर तुम्ही मध्येच आलात तो, बाबा न घोरलेला तेवढा एकच टेक होता, म्हणून तोच वापरला. म्हटलं, कोणाच्या लक्षात येणार? मामा, खून कोणी केला हे आता कोणी विचारतच नाही. सगळे विचारतात, फ्रिजमधून चाव्या काढणारा तो थंड डोक्याचा माणूस कोण? मी जागून लिहिलेले संवाद कोणाला आठवत नाहीत, याचं वाईट वाटलं, अगदी मनापासून. मग तो टेक पुन्हा पाहिला. आम्ही सगळे अभिनय करत होतो. घरात असल्यासारखे वावरत होतात ते एकटे तुम्हीच. (हे सगळं मी आधीच ठरवलं होतं, असं बाहेर सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.)

मामींना नमस्कार. काही मागायला लिहिलेलं नाही, सहज आठवण आली.

तुमचाच,
दिग्दर्शक भाचा

ता. क. शेवटचा भाग जाहीर करून बसलोय आणि तुमच्याशिवाय तो होत नाही. खुनी तुम्हीच आहात. तोच चौकड्यांचा शर्ट आणा.

ता. क. आणखी एक. बंदी उठवायला आईशी तुम्हीच बोला, धाकट्या भावाचं ती ऐकते. चाव्या कानसेननेच काढल्या, अशी तिची समजूत आहे. चौथा भाग तिने अजून पाहिलेला नाही. मात्र आत्ताच ती बाबांना विचारत होती, मोबाइलवर ही तुमची मालिका कशी लावायची. लवकर निघा.