पुसलेला कोड

मंगळवार, १९ नोव्हेंबर २०१९, तलासरी

आज आगरच्या भरतची ड्रायव्हरची नोकरी गेली. मी नेहमीसारखा जेवलो. काहीच वाटलं नाही.

त्याच्या शेठची इलेक्ट्रिक कार हायवेच्या फास्ट चार्जरवर पुरती चार्ज होत नव्हती. चार्जिंग आपोआप थांबतं, असं भरत सांगायचा. शेठला वाटायचं, हा चार्जिंगकडे न बघता झोपून राहतो. सकाळी दोघं वर्कशॉपला आले. मी गाडीतला बिघाड कोडने दाखवणारा स्कॅनर लावला. सॉकेट तापल्याचा कोड होता, म्हणजे भरत खरं बोलत होता. परत येतो का ते बघायला मी सवयीने कोड पुसला. एरवी आधी वहीत लिहितो. आज का नाही लिहिला?

कोड परत आला नाही.

"काय निघालं?" शेठने विचारलं.

"आता काही दिसत नाही."

शेठ हसला. "चार्ज गाडी होत होती की तू, भरत?"

"साहेब, मघाशी लाल अक्षरं आली होती ना?" भरत मला म्हणाला.

वहीत न लिहिता पुसला, हे शेठसमोर कबूल करावं लागलं असतं. मी वायर गुंडाळत राहिलो. शेठने किल्ली मागितली. भरतने ती शर्टाला पुसून दिली, गाडीतला डबा घेतला आणि गेला.

किल्ली कशाला पुसली असेल?

कोड आत्ता आठवून वहीत लिहिला. शेठचा नंबर त्याच पानावर आहे. फोन केलेला नाही.