पॅनेलवरची चादर

दादा,

तू दोनशे वस्त्यांत सौरदिवे नेलेस. गेल्या वर्षी आईच्या परसात पॅनेल बसवलंस, फोटो काढलास, भाषण ठोकलंस. ते चालतं कसं, हे तिला सांगायचं तेवढं राहिलं.

ती फोनवर मला म्हणायची, “दिवा लागत नाही गं, पण दादाला सांगू नकोस. त्याचं नाव खराब होईल.” मी नाही सांगितलं. अंधारात पायरी चुकून ती पडली आणि गेली.

काल परसात पाहिलं, तर पॅनेलवर तिची ठेवणीतली चादर बांधलेली. शेजारीण म्हणाली, “रोज सकाळी झाकायच्या हो. म्हणायच्या, लेकाची वस्तू, उन्हानं विटेल.”

चादर सोडली. आज दिवा लख्ख लागलाय.

हे पत्र पाठवणार नाही. तू विचारशील, “वर्षभरात तू एकदाही गेली नाहीस?”

तुझी,
धाकटी