जिवंतपणी उरकलेल्या शोकसभेनंतरची व्यवस्था

मी, अविनाश रघुनाथ उपळेकर, वय सदुसष्ट, जन्माने पनवेलकर, पासपोर्टाने अमेरिकन, पेशाने निवृत्त प्राध्यापक व खोडीने कवी, राहणार नवीन पनवेल, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय करीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पुतण्या विश्वजीत याचे मत वेगळे पडेल.

ओहायोतल्या कॉलेजात मी हयातभर कविता शिकवली. तिकडे मला भारतीय कवी म्हणत, इकडे अमेरिकन कवी म्हणतात. नुसता कवी कोणीच म्हटले नाही.

१. गेल्या श्रावणात मी मुंबईत इस्पितळात होतो. डॉक्टर ‘आता देवावर हवाला’ म्हणाले, एवढ्यावर विश्वजीतने मला मृत घोषित केले आणि इथल्या साहित्य मंडळाने शोकसभा उरकली. अमेरिका पोरकी झाली, असे अध्यक्ष म्हणाले. अमेरिकेला ते अजून कळलेले नाही. माझ्या फ्लॅटमध्ये स्मारक म्हणून इंग्रजीचा क्लास निघेल व आत्याची सोय वृद्धाश्रमात होईल, असे विश्वजीतने तिथेच जाहीर केले. त्याची आत्या, म्हणजे माझी विधवा बहीण आशालता, त्या वेळी मला चमच्याने पेज भरवत होती.

२. सबब, मी मेल्यावर सदर फ्लॅट सामानासह आशालताच्या एकटीच्या मालकीचा होईल. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला बाहेर काढले. पुन्हा कोणी तिला बोचके बांधायला लावले, तर मेल्यावरही मला चैन पडणार नाही. विश्वजीतने पडद्यांची मापे घेतली आहेत, ती त्याने ठेवावीत.

३. माझ्या कवितासंग्रहांच्या न खपलेल्या सर्व प्रती विश्वजीतला. ‘काकांची कविता हाच माझा वारसा’ असे तो सभेत रडत म्हणाला होता. शब्दाला जागावे.

४. मंडळाने सत्कारात दिलेल्या शाली मंडळाला परत. घडी मोडलेली नाही, पुढच्या सत्कारमूर्तीला चालतील.

५. हा मसुदा काल आशालताला वाचून दाखवला. डोळे पुसत ती म्हणाली, “दादा, तुझं एवढंच लिखाण मला कळलं बघ. फक्त ते ‘मेल्यावर’ तेवढं खोड.” ते खोडून चालणार नाही, असे वकील उदयसिंह म्हणतात. म्हणून खोडलेले नाही. तिला मात्र खोडले असे सांगितले आहे. साक्षीदारांनीही तसेच सांगावे.

स्थळ : नवीन पनवेल
ता. ७ फेब्रुवारी १९९६

सही : अ. र. उपळेकर

आमच्यासमक्ष सही केली :
१. काशिराम ठाकूर, शेजारी
२. डॉ. मिताली सामंत